बनी तो बनी

परभणीबद्दल दोन म्हणी प्रसिद्ध आहेत. पहिली, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’. ही परभणीकरांनीच केलेली असणार. दुसरी, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. ही बहुधा इथे बदली होऊन आलेल्या एखाद्या सरकारी अंमलदाराने सामान सोडता सोडता केली असावी. पहिलीचा अर्थ मला अजून लागलेला नाही. जर्मनीतल्या कुणाला लागला असल्यास त्याने पोस्टकार्ड टाकावे. दुसरीचा अर्थ मात्र गावात नवी इमारत उभी राहिली की दर खेपेला नव्याने लागतो. बनली तर बनली, नाही तर परभणी आहेच!

हे आठवायचे कारण म्हणजे वाचनालयांच्या आणि शाळांच्या नव्या इमारती. त्या होताहेत ही आनंदाची गोष्ट आहे हे आधीच सांगून टाकतो. नाही तर लोक म्हणायचे, ‘ह्या गृहस्थाला शाळाच नकोत!’ मला शाळा हव्यात, वाचनालये तर त्याहून हवीत. माझे म्हणणे एवढेच, की आपल्याकडे कवितेवर टीका होते, नाटकावर होते, शेजारणीच्या पुरणपोळीवरसुद्धा होते. इमारतीवर मात्र कुणी करीत नाही. वास्तविक वाईट कादंबरी मिटून ठेवता येते. वाईट इमारत पन्नास वर्षे मिटत नाही. मिटायचे सोडा, ती दर उन्हाळ्यात भेगांनी थोडी थोडी उघडतच जाते.

आणि बांधकाम व साहित्य यांची परभणीत काही भाऊबंदकी नाही. बी. रघुनाथांसारखा मोठा लेखक (१९१३–१९५३) इथे बांधकाम खात्यातच कारकून होता. गावातल्या सभागृहाला आज त्यांचे नाव आहे. तेव्हा बांधकामाच्या फायलीला साहित्याची शाई लागल्याचा दाखला आमच्याकडे आहे. मी फक्त समीक्षेची शाई लावतो आहे.

आता समीक्षा म्हटली की निकष आले. मी फार खोलात जात नाही. वाचनालय असो की शाळा, माझी कसोटी एकच: मे महिना, दुपारचे तीन, वीज गेलेली, अशा वेळी त्या इमारतीत बसून माणसाला सलग दहा पाने वाचता येतात का? पुण्याच्या लोकांना ही कसोटी जरा निर्दय वाटेल. पण परभणीचा पारा मेमध्ये बेचाळिसाच्या पुढे सहज जातो, आणि हिवाळ्यात असा घसरतो की वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आमचा नंबर लागतो. जर्मनीशी आमचा काही संबंध असलाच तर तो जानेवारीतल्या पहाटेपुरता.

आमच्याकडे इमारतीला दोन शत्रू. वरून ऊन आणि खालून काळी माती. ही माती म्हणजे कापसाचे माहेर आणि पायाचे सासर. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि रानात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. भिंती बिचाऱ्या तिच्या मर्जीप्रमाणे वर-खाली होतात. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खास अशा मातीसाठी खांबाचा एक पाया फार पूर्वीच काढून ठेवला आहे. जमिनीत खोल गेलेला खांब आणि त्याच्या खालच्या टोकाला कांद्यासारखा फुगवटा. हे मी एकदा एका गुत्तेदाराला उत्साहाने समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘सर, कांदा लई महाग पडतो.’

पण ऊन आणि माती हे निदान प्रामाणिक शत्रू आहेत. तिसरा शत्रू घरचा आहे. त्याचे नाव एलिव्हेशन.

एलिव्हेशन म्हणजे इमारतीचा लग्नातला फोटो. तो एकाच बाजूने काढायचा असतो आणि नंतर त्या माणसाशी फोटोचा काही संबंध राहत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी असेच एक नवे वाचनालय झाले. गावाचे नाव सांगत नाही. सांगितले तर चार तालुके आपापल्या अंगावर ओढून घेतील. समोरून पाहिले तर बँक. समोरून जरा तिरके पाहिले तर दवाखाना. निळी काच, चकचकीत पत्र्याचे पॅनेल, मोटार थेट दारापर्यंत यावी म्हणून पोर्च, आणि आत शिरताना वाचलीच पाहिजे अशी कोनशिला. तिच्यावर इतकी नावे, की एखाद्याने रोज तेवढीच वाचली तरी त्याचा वाचनाचा नेम चुकू नये. काच पश्चिमेला. कारण रस्ता पश्चिमेला. सूर्य कोणत्या बाजूला मावळतो याची चौकशी करायला कुणाला वेळ झाला नसावा.

तिथे मामा म्हणजे शिपाई भेटले. आमच्या भागात शाळेचा किंवा वाचनालयाचा शिपाई हा सगळ्या गावाचा मामा असतो.

‘मामा, वाचक कुठे बसतात?’

‘वाचक व्हय? ते काय, त्या लिंबाखाली.’

‘आणि आत?’

‘आत पुस्तकं बसतेत.’

‘काचेमुळे उजेड छान येत असेल नाही?’

‘उजेड येतो की. पर त्यानं पुस्तकाची पाठ पांढरी पडायलीय. म्हणून पडदे लावलेत. पडद्यानं अंधार व्हायला, म्हणून दिवसा बत्ती लावायलो. बत्ती जाती, म्हणून इन्व्हर्टर घ्यावं म्हणायलेत.’

मी मामांना मनोमन नमस्कार केला. उजेडासाठी काच, काचेसाठी पडदा, पडद्यासाठी बत्ती आणि बत्तीसाठी इन्व्हर्टर! आधुनिक वास्तुशास्त्राचा एवढा नेमका परामर्श मी छापील पुस्तकातही वाचलेला नाही.

वर गच्चीवर गेलो तर खांबांच्या सळया आभाळाकडे तोंड करून उभ्या. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. पाचव्याचे सार असे, की ग्रंथालय हे वाढते शरीर आहे. त्या अख्ख्या इमारतीत पाचवा नियम समजलेल्या तेवढ्या सळयाच होत्या. त्या वाढीची वाट पाहत गंजत होत्या.

यावर कुणी म्हणेल, ‘अहो, तालुक्याच्या गावी असं व्हायचंच.’ तर तसे नाही. पॅरिसला झाले! फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची नवी इमारत १९९६ साली वाचकांना खुली झाली. चार कोपऱ्यांत चार उंच काचेचे मनोरे, उघडून उभ्या ठेवलेल्या चार पुस्तकांच्या आकाराचे. कल्पना अशी झकास, की ती सुचल्यावर कुणालाही दुसरी सुचायची बंदच व्हावी. पुस्तके त्या काचेच्या मनोऱ्यांत ठेवायची आणि वाचकांनी खाली, खोलगट बागेच्या भोवती बसायचे. मग लक्षात आले, की ऊन पुस्तकांना मानवत नाही. तेव्हा काचेच्या आतून लाकडी झडपा बसवल्या. म्हणजे पॅरिसच्या मामांनीही पडदे लावलेच! बरे, खाली जी झाडांची बाग आहे तिच्यात वाचकांना जायची मुभा नाही. ती काचेतून पाहायची. आमच्या वाचकांना निदान लिंबाखाली बसता येते. ‘जगात पॅरिस, भारतात परभणी’ अशी तिसरी म्हण करायला हरकत नाही.

याच्या अगदी उलट एक माणूस वागला. अहमदाबादची आयआयएम ज्याने बांधली त्या लुई कानने अमेरिकेत एक्सेटर नावाच्या गावी एका शाळेचे ग्रंथालय उभारले, १९७१ साली. त्याने पुस्तके ठेवली आत, उन्हापासून दूर. आणि पोरांना बसवले कडेला, खिडकीशी. प्रत्येकाला आपले छोटे टेबल, आपली छोटी खिडकी आणि तिला आपली लाकडी झडप. उजेड हवा तर सरकवा, नको तर ओढा. पुस्तकाला सावली लागते आणि वाचकाला खिडकी. साधीच गोष्ट आहे. आपल्या आज्या लोणच्याची बरणी आतल्या खोलीत ठेवायच्या आणि धान्य निवडायला स्वतः ओसरीवर बसायच्या. त्यांना कुणी वास्तुविशारद म्हणाले नाही.

आजीवरून आठवले. माझ्या आजोळचे घर माळवदाचे. दोन-अडीच हात जाडीच्या भिंती, वर लाकडाच्या तुळया आणि त्यावर मातीचा थर. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती, पण माळवदाला उजेडासाठी एक भोक होते. कुणी त्याला साणं म्हणे, कुणी सवणं. त्यातून उजेडाचा एक खांब खाली उतरे आणि दिवसभर जमिनीवरून सरकत राही. आजी त्या उजेडाबरोबर पाट सरकवत डाळ निवडायची. पाऊस आला की कुणीतरी पळत वर जाऊन त्यावर घमेले पालथे घालायचे. पुढे वाचनात आले, की आल्वार आल्टो नावाच्या फिनलंडच्या वास्तुविशारदाने विपुरी शहरातल्या ग्रंथालयाच्या छताला अशी सत्तावन्न गोल साणी पाडली. ते ग्रंथालय १९३५ साली पुरे झाले. शहर आता रशियात आहे, साणी अजून छतात आहेत. ती त्याने अशा खोलीची केली, की ऊन सरळ आत येत नाही. उजेड भिंतीला घासून, मऊ होऊन, चहूकडून खाली येतो. का, तर वाचणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्याची सावली त्याच्या पुस्तकावर पडू नये! वाचकाच्या डोक्याचा इतका विचार केलेला पाहून मला गहिवरून आले. आमच्याकडे वाचकाच्या डोक्याचा विचार होतो तो पंखा किती खाली लोंबतो आहे एवढ्यापुरता.

पण म्हणून कुणी मला माळवदांचा प्रचारक समजू नये. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने दगड-मातीच्या घरांचे काय होते ते मराठवाड्याला दाखवले आहे. त्या जड छपरांखाली माणसे झोपेत गेली. तेव्हा जुने ते सोने असे म्हणायला निदान आमच्या भागात तरी जीभ रेटत नाही. सिमेंट हवे, सळई हवी, पक्का पाया हवा. कांदा कितीही महाग पडो, तोही हवा. फक्त एवढेच विचारायचे आहे, की सिमेंटने सावली करायला कधी मनाई केली होती का?

ही सावली म्हणजे व्हरांडा. इंग्रजांनी हा शब्द इथून उचलून आपल्या कोशात नेला, आणि आम्ही वस्तूच उचलून टाकली.

जुन्या जिल्हा परिषदेच्या शाळा आठवून पाहा. चार खोल्या एका ओळीत आणि पुढे लांबच लांब व्हरांडा, शहाबादी फरशीचा. व्हरांडा काय करायचा? तर ऊन भिंतीपासून सहा हात लांब थोपवून धरायचा. पावसात चपला, छत्र्या आणि मास्तरांची सायकल सांभाळायचा. उशिरा आलेल्याला तिथे उभे करीत, त्यामुळे तो वर्गाबाहेर असला तरी शाळेत असे. अंगठे धरलेल्या मुलाला शेजारच्या वर्गातला इतिहास फुकट ऐकायला मिळे. पहिलीतली पोरे तिथे पाटीवर मुळाक्षरे गिरवीत, सातवीतली दांडगी पोरे खांबाला टेकून चोरून कादंबऱ्या वाचीत. बाहेर आणि आत यांच्या मधली ती जागा होती. वाचनाची सवय बहुतेकांना अशाच मधल्या जागी लागते. वर्गात पुस्तक वाचायला लावतात. व्हरांड्यात ते वाचावेसे वाटते.

सरकारलाही हे एके काळी ठाऊक होते. १९८७ साली खडू-फळा मोहीम निघाली तेव्हा प्राथमिक शाळेला काय काय हवे त्यात लिहिले होते: सर्व ऋतूंत वापरता येतील अशा निदान दोन बऱ्यापैकी मोठ्या खोल्या, आणि खोल व्हरांडा. ‘खोल’ हा शब्द पाहा. ज्याने तो लिहिला त्याने कधीतरी उन्हात उभे राहून शाळेची घंटा ऐकली असली पाहिजे. पुढे २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला. कायदा चांगला आहे. त्याच्या परिशिष्टात दर शिक्षकामागे एक खोली आहे, पिण्याचे पाणी आहे, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहे आहेत, मैदान आहे, कुंपण आहे, प्रत्येक शाळेत वाचनालय आहे, त्यात गोष्टींची पुस्तकेसुद्धा आहेत. व्हरांडा मात्र नाही. बावीस वर्षांत तो यादीतून कुठे उतरला, कुणी उतरवला, कुणालाच कळले नाही. यादीत नाही म्हणजे अंदाजपत्रकात नाही, आणि अंदाजपत्रकात नाही ती सावली गुत्तेदाराने पदरची का घालावी?

त्याच्या जागी मग आला कॉरिडॉर. दोन्हीकडे खोल्या आणि मधून अंधारा बोळ. पूर्वी वर्गखोली बांधताना उजेड मुलांच्या डाव्या हाताने यावा असे पाहत, म्हणजे लिहिताना उजव्या हाताची सावली अक्षरावर पडत नाही. नव्या खोलीत उजेड कुठूनही येतो, आणि बहुतेक वेळा फळ्यावर चमकून परत जातो. मागच्या बाकावरच्या मुलाला फळा म्हणजे आरसा वाटतो. त्यात त्याला स्वतःचे भवितव्य तेवढे दिसत नाही.

आता भिंती रंगवायची टूम आहे. काही शाळा आगगाडीसारख्या रंगवल्या आहेत. खिडक्यांच्या जागी डब्याच्या खिडक्या, दाराशी डब्याचे दार. पोरे खूश असतात. गाडी जागची हलत नाही, पण परभणीच्या पोरांना थांबलेल्या गाडीची सवय असते. रंगाला माझा विरोध नाही. पण रंगवणे आणि रचणे यांत फरक आहे. कबीर वाजपेयी नावाच्या वास्तुविशारदाने ‘बाला’ नावाची एक कल्पना मांडली, की इमारत हेच शिकवण्याचे साधन. तिच्यातली एक युक्ती मला फार आवडते. दार उघडताना त्याचा कोपरा जमिनीवर जो अर्धगोल कापतो, तिथे फरशीवर अंश आखायचे. बस्स! दार उघडले की तीस, साठ, नव्वद. उशिरा येणारे पोर दार हळूच तीस अंश उघडून आत डोकावते आणि भूमिती शिकून जाते. खर्च म्हणाल तर चिमूटभर रंग. पण ही युक्ती सुचायला दार कसे उघडते ते आधी पाहावे लागते.

आणि असे पाहणारे लोक आपल्याकडे आहेत. फार लांब जायला नको. आमच्या पाथरी-गंगाखेडला जे गोदावरीचे पाणी येते तेच वरच्या अंगाला कोपरगावाला आधी भेटते. तिथल्या शारदा शाळेच्या आवारात समीप पडोरा या वास्तुविशारदाने २०१८ साली मुलांसाठी माया सोमय्या ग्रंथालय बांधले. त्याला ‘समोरची बाजू’ अशी नाहीच. चपट्या विटांचे तीन थर एकावर एक चढवून कमानदार छत केले आहे. स्पेनच्या कॅटलन गवंड्यांची ही जुनी रीत. छत इतके पातळ, की पाहताना आपलाच श्वास अडकावा. ते छत जमिनीतून टेकडीसारखे उगवते आणि पुन्हा जमिनीत शिरते. त्याच्या खाली बसून मुले वाचतात आणि वर चढून हुंदडतात. म्हणजे वाचनालयाच्या डोक्यावर नाचायला तिथे परवानगी आहे! वैशाखात वर चढायला पायात चप्पल लागेल, हा त्यातला दोष मी समीक्षक या नात्याने नोंदवून ठेवतो. पण मुलाला वाचनालयाकडे ओढून न्यायला इमारतच हात पुढे करते, हे विसरता येत नाही. सुटीची घंटा झाली की पोरे ज्या इमारतीकडे पळतात ती चांगली आणि जिच्यातून पळतात ती वाईट, इतकी सोपी समीक्षा दुसऱ्या कुठल्या कलेत नसेल.

तुम्ही म्हणाल, ती देणगीची कामे, ते शहरी वास्तुविशारद. आमच्या तालुक्याला ते कुठून परवडायचे? तर मुंबईच्या काळ्या घोड्याजवळचे डेव्हिड ससून ग्रंथालय पाहा, १८७०चे. त्याची कीर्ती पुस्तकांइतकीच पहिल्या मजल्यावरच्या व्हरांड्यामुळे आणि त्यातल्या लांब हातांच्या आरामखुर्च्यांमुळे आहे. दीडशेच्या वर वर्षे लोक तिथे पुस्तक छातीवर उपडे ठेवून वाचताहेत. काही जण घोरतातही. पण घोरणारा वाचक हा न आलेल्या वाचकापेक्षा बरा. जाग आली की तो पान उलटतो. व्हरांड्याला कॅटलन गवंडी लागत नाही. खांब, छत आणि दोन हात जास्तीची माया लागते.

हे सारे विनोदावारी नेता येते, कारण मला घरी पंखा आहे, खुर्ची आहे आणि दार लावून घ्यायला एक खोली आहे. ज्याच्याकडे ही तिन्ही आहेत त्याला वाचनालय कसेही बांधा. तो पुस्तक घरी नेईल. पण पत्र्याच्या एका खोलीत पाच माणसे राहतात, तिथली एखादी मुलगी दहावीचा किंवा भरतीच्या परीक्षेचा अभ्यास कुठे करणार? मुले लिंबाखाली बसतात, पारावर बसतात, स्टेशनावरसुद्धा बसतात. तिला पारावर बसता येत नाही. तिच्यासाठी गावात चार भिंतींची, सावलीची, कुणी ‘कामून बसलीस?’ असे न विचारणारी एकच जागा असू शकते आणि ती वाचनालय किंवा शाळा. तिथे दुपारी तीन वाजता बसवेना, तर ती घरी जाते. घरी गेली की भांडी असतात. पश्चिमेच्या काचेने तिच्या अभ्यासाचे रोजचे तीन तास खाल्ले, याची नोंद कुठल्या मोजमाप पुस्तकात होत नाही. कमी पडलेले व्हरांडे असे मार्कांतून वजा होतात आणि दोष पोरीच्या डोक्याला लागतो.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा आहे. वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. वर्ग राहू द्यात. पुस्तके मोजा, सभासद मोजा, वर्तमानपत्रे मोजा. फक्त नव्या इमारतीच्या उद्घाटनाचा मुहूर्त तेवढा मे महिन्यात, दुपारी तीनचा धरावा. मुख्य वीजकळ खाली ओढून ठेवावी. पाहुण्यांनी फीत कापावी, हार घ्यावा आणि भाषण न करता आत एका खुर्चीवर बसून दहा पाने वाचून दाखवावीत. वाचून झाली तर कोनशिलेवर नाव कोरावे.

नाही झाली, तर बाहेर लिंबाखाली मामा त्यांना जागा करून देतील.